पुढच्या खोलीतलं बटण

नांदेडला मी तीन वर्षं ज्या घरात भाड्यानं राहिले, त्या घराच्या मालकांना खाली बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी ते चालतच असत. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि जेवताना दोन घास झाले की ताट ठेवून फाटकाशी जाऊन यायचे, कुणी आलंय का बघायला. कुणी आलेलं नसायचं. काकू त्यांच्या ताटावर झाकण ठेवून वाट बघायच्या.

सगळे त्यांना सर म्हणत. मुखेडला तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आणि नांदेडला घर बांधून राहिले. माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे, गाव मात्र एकदा ऐकलं की कायमचं. दूधवाला हिमायतनगर, गॅसवाला मुदखेड आणि मी लातूरकर. "ओ लातूरकर, खाली या जराक," अशी हाक जिन्यातून आली की समजायचं, आजची संध्याकाळ गेली. काकूंना ते माहूर म्हणत, कारण काकूंचं माहेर माहूरचं. चाळीस वर्षं संसार करून बायकोला माहेरच्या गावानं हाक मारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

दुसरी सवय बटणाची. खोलीतून बाहेर पडताना त्यांचा हात आपोआप दाराजवळच्या बोर्डाकडे जाई आणि होती नव्हती ती सगळी बटणं बंद होत. खोलीत कुणी आहे की नाही, हे बघायची पद्धत नव्हती. एकदा संध्याकाळी काकू पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. सर आले, काहीतरी शोधलं, गेले आणि खोलीत अंधार झाला. काकू थोडा वेळ तशाच बसल्या, मग ताट उचलून स्वयंपाकघरात गेल्या. मी दारातून पाहत होते. असं काही पाहिलं की माझं डोकं लगेच तापतं. "काकू, बोला ना त्यांना!" मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तरी त्या बोलल्या नसत्या.

काकूंचे कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू, पण गेले. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि "डोक्यात गिरणी चालू हाये असं वाटून राहिलं," म्हणून डब्यात ठेवून दिलं. मग सर ओरडून बोलायला लागले. गल्लीला वाटे, या घरात रोज भांडण होतं. पण सरांचा त्रास ओरडण्याचा नव्हता.

"ती हो म्हणती," ते मला एकदा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून म्हणाले. "कशालाबी हो. काल म्हणलं, मी विहिरीत उडी मारू का? तर म्हणली, हो."

"ऐकू आलं नसेल, सर."

"पाटीवर लिहून दाखवलं की! वाचलं, मान हलवली, पाटी पुसून ठिवली." ते दोन पायऱ्या उतरले, परत चढले. "मी समोर असलो की ती हो म्हणती. पहिल्यापासून. तवा बरं वाटायचं. आता हैराण करायलंय ते मला."

यावर त्यांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर घरी पाठवला होता. गल्लीतलं नेट कॅफे बंद पडलं तेव्हा सरांनी तिथून दुसरा आणला. एक पुढच्या खोलीत ठेवला, एक घराच्या अगदी मागच्या खोलीत, आणि मधून भिंतीच्या वरच्या कडेनं खिळे मारत स्वतः वायर ओढली आणि पुढच्या खोलीतल्या कपाटावर दोन्ही मशीन जोडणारा राउटर ठेवला. पुढच्या मशीनला नाव दिलं माहूर, मागच्याला मुखेड. दोन्ही मशीनमध्ये एकच सामाईक फोल्डर, त्यात एकच फाइल. ते मागून लिहिणार, काकू पुढून लिहिणार. समोरासमोर यायचं नाही.

मी म्हटलं, एवढ्यासाठी वायर कशाला, मोबाइलवर मेसेज पाठवा की. सर आत गेले आणि पृथ्वीचा गोल घेऊन आले. नांदेडवर बोट ठेवलं, ते समुद्रावरून फिरवत अमेरिकेपर्यंत नेलं आणि परत नांदेडला आणलं.

"बारा पावलांवर बसलेल्या बाईला निरोप द्यायचा, तर तो एवढं हिंडून यायचा? कामून?"

मी एका कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर होते, म्हणजे सरांच्या दृष्टीनं मला कॉम्प्युटरमधलं सगळं येत होतं. खरं तर माझं कशातच लक्ष नसायचं. नवरा आणि पाच वर्षांची मुलगी लातूरला, मी नांदेडला. शनिवारी दुपारची बस, सोमवारी पहाटेची बस, आणि मधले पाच दिवस बदलीच्या अर्जाचं काय झालं हे विचारण्यात. मला त्या घरात, त्या गावात, कुठंच स्वस्थ वाटत नसे. त्यात हे मुखेड आणि माहूर माझ्या गळ्यात पडले.

वायर जोडून झाली आणि मुखेडला माहूर दिसेना.

मागच्या खोलीत बसून नेटवर्क उघडलं की यादीत एकटं मुखेड. पुढच्या खोलीत जाऊन बघावं, तर तिथून दोन्ही मशीन दिसत. फोल्डर उघडायचं, फाइल उघडायची, सगळं सुरळीत. परत मागे यावं, तर माहूर गायब. मी दोन्हीकडच्या सेटिंग तपासल्या. पासवर्ड काढला, घातला, परत काढला. वायर बदलली. दोन्ही मशीन बंद करून चालू केली. कचेरीत एकाला विचारलं, त्यानं सांगितलेलं सगळं केलं. तीन आठवडे रोज कचेरीतून आले की सर जिन्याशी उभे. एका शनिवारी माझी बस चुकली आणि लातूरहून मुलगी फोनवर रडली, तेव्हा मी त्या मशीनसमोर बसून सरांनाच बोलले, "एवढा अट्टहास कशाला, सर? उठून पुढच्या खोलीत जाता येत नाही का?"

ते म्हणाले, "उठून तर मी दिवसभर जायलोच की." त्यांना राग आला नव्हता. ते खरंच सांगत होते.

कोडं सोडवलं काकूंनी. त्या दिवशी आम्ही दोघं चौथ्यांदा मागच्या खोलीकडे निघालो, तेव्हा काकूंनी माझा दंड धरला, मला परत पुढच्या खोलीत नेलं आणि कपाटावर ठेवलेल्या राउटरवरचं लोकरीचं झाकण उचललं. हे झाकण त्यांनीच विणलेलं. टीव्हीला, मिक्सरला, फोनला, सगळ्याला त्यांनी झाकणं विणली होती, तसं राउटरलाही. झाकणाखाली राउटर बंद होता. एकही दिवा नाही.

"हे बटन बंद करून जातात की," काकू म्हणाल्या. "दरवेळी."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. खोलीतून शेवटी निघणार सर. निघताना हात बोर्डावर. कॉम्प्युटर नेट कॅफेतून आणलेल्या बॅटरीच्या डब्यावर चालत राहायचा, त्या डब्याचा वीज गेल्यावर वाजणारा भोंगा तिथंच बिघडला होता, त्यामुळे काही कळायचं नाही. राउटर मात्र जायचा. आणि परत येताना मला मधल्या खोलीत मागे टाकून सगळ्यांत पहिले पोचणार तेही सरच, आणि आत शिरताच बटण चालू करणार. मागच्या खोलीतला बोर्ड पलंगामागे होता, तिथं हात पोचत नव्हता, म्हणून मुखेड तेवढं वाचत होतं.

"तुम्ही सांगितलं का नाही, काकू?" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले.

"सांगितलं की. तीनदा." त्यांनी झाकण नीट बसवलं. "बहिरी मी, अन् ऐकत न्हाईत हे."

सर दारात उभे होते. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो पाठीमागे नेला. मला हसू आवरेना. बोर्डावर मी चिकटपट्टी लावली, "बंद करू नये" असं लिहून. ती महिनाभरात निघून पडली, पण तोवर सरांना थोडं वळण लागलं होतं. दहातून आठ वेळा लक्षात राहायचं.

मग त्या फाइलचा संसार सुरू झाला. मी तो वाचायचे, कारण रोज काही ना काही अडलं म्हणून मला खाली बोलवणं असायचंच. सरांचं एका बोटानं टाइप केलेलं: आज भाजी काय. खाली काकूंचं: वांगं. सर: कालबी वांगंच होतं. काकू: हो. दहा-बारा दिवस असंच. मग एकदा सरांनी लिहिलं, वांग्याचा कंटाळा आलाय. त्याखाली काकू: मलापण. मला वांगं आवडत नाही. सर मला ते दाखवायला वर आले. "चाळीस वर्सं," ते म्हणाले आणि खाली गेले आणि परत वर आले. "चाळीस वर्सं खायलीय ती ते."

काकू टायपिंग शिकलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. लग्नाआधी माहूरला मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. मी त्यांना कीबोर्ड जुन्या टाइपरायटरसारखा लावून दिला आणि त्यांची बोटं सुटली. वर माझ्या खोलीत टकटक ऐकू यायची, न अडखळता, न थांबता. एक गोष्ट मात्र त्यांना काही केल्या पटली नाही, ती म्हणजे सेव्ह करणं. "टाइप झालं म्हंजे झालं न? मग परत काय दाबायचं?" टाइपरायटरवर उमटलेलं अक्षर कागदावरून जात नाही, एवढं त्यांना ठाऊक. मी कीबोर्डवरची कळ दाखवून एक चिठ्ठी चिकटवली: लिहून झालं की हे दाबा. त्या प्रामाणिकपणे लिहून झालं की दाबायच्या.

सर मला आडून आडून विचारत. "नवरा काय म्हणतो तुमचा?"

"म्हणतो, बदली होईल."

"अन् न्हाई झाली तर? नोकरी सोड म्हणत न्हाई?"

"रागात म्हणतो कधी. मी पण रागात बोलते मग."

सर फाटकापर्यंत जाऊन आले. "पण सोडली न्हाई तुम्ही."

"नाही सोडली."

एका शनिवारी मी पिशवी घेऊन जिना उतरत होते, तर सरांनी मला मागच्या खोलीत नेलं. पडद्यावर त्यांनी लिहून ठेवलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात तुझ्या वडिलांच्या पत्त्यावर कचेरीतल्या टायपिस्टच्या नोकरीची ऑर्डर आली होती. माहूरला राहून नोकरी आणि मुखेडला संसार जमणार नाही असं मी म्हणालो. तू हो म्हणालीस. तुला ती नोकरी सोडायची होती का?

"हे असू देऊ का?" त्यांनी विचारलं. "का पुसू?"

मला बसची घाई होती. मी वाकून सेव्हची कळ दाबली आणि म्हणाले, "गेलं, सर. आता विचारून झालं." रिक्षात बसल्यावर वाटलं, हे आपण काय केलं.

आठवडाभर काकूंनी काही लिहिलं नाही. फाइल उघडायच्या, वाचायच्या, बंद करायच्या. सरांचं चालणं दुप्पट झालं. पहाटे अंगणात, दुपारी गच्चीवर, माझ्या खोलीच्या डोक्यावर. बुधवारी त्यांनी मला विचारलं, वायर तर तुटली नाही ना. मी जाऊन बघितलं. मुखेडला माहूर व्यवस्थित दिसत होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी साडेआठला खालून आवाज सुरू झाला. काकू टाइप करत होत्या. नऊ वाजले, दहा वाजले, थांबेनात. मला सुट्टी होती. मी कपडे भरत होते आणि ऐकत होते. सर मधल्या खोलीत फेऱ्या घालत असणार. अकरा वाजून गेले. मला उगाचच आनंद झाला होता, जणू माझ्याच कुणाचं पत्र येत होतं. मग आवाज थांबला, कुकरची शिट्टी झाली आणि दोन मिनिटांनी सरांची हाक आली. त्या हाकेत "या जराक" नव्हतं. नुसतं "लातूरकर!"

मी धावत खाली गेले. पुढच्या खोलीत पडदा काळा होता. पंखा थांबत थांबत फिरत होता. सर बोर्डाजवळ उभे होते आणि त्यांचा हात अजून बटणावरच होता.

काकूंना शिट्टी ऐकू येत नसे. घड्याळ बघून त्या कुकर उतरवायला आत गेल्या होत्या. तेवढ्यात सर फेरी मारत खोलीत आले. खोलीत कुणी नाही, पंखा चालू. ते वळले आणि हात गेला. बॅटरीच्या डब्यानं पंधरा दिवसांपूर्वीच मान टाकली होती. नवी बॅटरी आणू म्हणून मीच सांगितलं होतं आणि मीच पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं.

मी मशीन चालू केली. फाइल उघडली. सरांचा प्रश्न होता. त्याखाली काही नव्हतं.

"आणता यील न?" सर म्हणाले.

मी उगाच इकडेतिकडे शोधलं. मला आधीच माहीत होतं. सोपं जावं म्हणून मी काकूंना सगळ्यात साधी फाइल करून दिली होती. ती आपण होऊन काहीच जपून ठेवत नाही.

"सेव्ह केलेलं नव्हतं, सर. लिहून व्हायचं होतं त्यांचं."

"पण कुठंतरी असंलच की. मशीनमदी कुठंतरी."

"नाही."

"म्हंजे ते कुठंच न्हाई?"

"कुठंच नाही."

तेव्हा सर खाली बसले. खुर्ची शेजारीच होती, पण ते दाराच्या उंबऱ्यावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. काकू हात पुसत आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"काय लिहिलं होतंस?" सर ओरडले. गल्लीला परत भांडणच वाटलं असेल. "माहूर, काय लिहिलं होतंस?"

"लई होतं," काकू म्हणाल्या.

"परत लिही. मी हातबी लावत न्हाई कशाला. परत लिही."

काकूंनी मान डोलावली. "हो," म्हणाल्या आणि ताटं घ्यायला आत गेल्या.

मी संध्याकाळच्या बसनं लातूरला गेले. खिडकीशी बसून मला रडू आलं. घरी पोचल्यावर नवऱ्याला सांगितलं, की तू मला नोकरी सोड म्हणतोस तेव्हा मला फार राग येतो, आणि तो मी तुला पूर्ण कधी सांगितलेला नाही. मग सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

दोन महिन्यांत माझी बदली झाली. तोवर काकूंनी फाइलमध्ये एक अक्षर टाइप केलं नव्हतं.

वर्षभरानं कचेरीच्या कामासाठी नांदेडला जावं लागलं, तेव्हा मी घरी गेले. दुपारचे दोन वाजले होते. फाटक सरांनीच उघडलं, ते तिथंच होते. "लातूरकर!" म्हणाले आणि माझ्या पुढे झपाझप चालू लागले. पुढच्या खोलीत भर दुपारी ट्यूब लागलेली होती. पंखा चालू, कॉम्प्युटर चालू, फाइल उघडी, राउटरवरचं झाकण काढून ठेवलेलं. खुर्चीत कुणी नव्हतं.

"हे सगळं चालू?" मी विचारलं.

"असू द्या." ते खोलीतून बाहेर पडले. हात सवयीनं बोर्डापर्यंत गेला, हवेत थांबला आणि खाली आला. "ती कवा बसंल लिहायला, सांगता येत न्हाई."

मग ते फाटकाकडे गेले. मी स्वयंपाकघरात गेले. काकूंनी चहा टाकला होता. मी पुढच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"वरीस झालं," काकू म्हणाल्या. "घरातलं एक बटन बंद केलं न्हाई त्यांनी. कुठं निघाले की आधी वळून बघतात, मी हाये का खोलीत."

मी हवेत बोटं चालवून दाखवली. लिहीत का नाही?

त्या हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. कपाळावर बोट टेकवून म्हणाल्या, "पाठ हाये सगळं." मग चहा गाळत हळू आवाजात पुढे बोलल्या, "पण लिहून टाकलं की परत बटनं बंद करून राहतील न."

चहा पिऊन मी निघाले. पुढच्या खोलीतून जाताना माझा हात बोर्डाकडे गेला. तीन वर्षं त्या घरात राहून ती सवय मलाही लागली असावी. काकूंनी मागून माझं मनगट धरलं.

"राहू दे, माय," त्या म्हणाल्या.